स्क्विड (इंटरनेटवरून आलेलं कॅशमध्ये साठवून पुन्हा देणारा प्रॉक्सी सर्व्हर) सुरू होताच बंद पडतो, कॅशची एरर : मदत हवी आहे

खटपट्या: प्रॉक्सीची कॅश नव्या डिस्कवर हलवली, तेव्हापासून स्क्विड सुरू होतो आणि लगेच मरतो. लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' (परवानगी नाकारली). कॅश रिकामी करून झाली, सर्व्हर रीस्टार्ट करून झाला. सगळ्यांचं काम अडलंय, लवकर सांगा.

रानवारा: ब्राउझरची कॅश आणि कुकीज साफ करा. माझं तेवढ्यानेच जमलं होतं.

जुनी_वही: अहो, इथे सर्व्हरच उभा राहत नाहीये, ब्राउझरचा काय संबंध? खटपट्या, ओएस कुठली? नकार नेमका कुठल्या फाइलला मिळतोय? लॉगची ती ओळ पूर्ण द्या.

खटपट्या: रेड हॅट 9. फाइल स्वॅप.स्टेट (कॅशमध्ये काय आहे त्याची नोंद), पुढे कंसात 13, म्हणजे तोच परवानगीचा नकार.

तिरफळ: मालकी बघा. फोल्डर रूटने (मुख्य ॲडमिन खात्याने) बनवला की हमखास हेच होतं. चाउन (मालकी बदलायची कमांड) करून स्क्विड युजरला द्या (डेबियनवर तो 'प्रॉक्सी' असतो), मग कॅशचे फोल्डर तयार करायला स्क्विड -झेड चालवा.

खटपट्या: दोन्ही आधीच केलंय हो!

सायंतारा: मुळात डिस्कवर कॅश हवीच कशाला? जवळपास सगळं एचटीटीपीएस (कूटबद्ध) झालंय, प्रॉक्सीला आतलं दिसतच नाही, मग साठवणार काय? सेटिंगमधली कॅश_डिरची (डिस्कवरच्या कॅशची) ओळच काढा.

तिरफळ: सरसकट असं नसतं. आमच्याकडे लिनक्सची पॅकेजेस साध्या एचटीटीपीने येतात. एका मशीनने उतरवलं की बाकीच्यांना कॅशमधून मिळतं. फक्त मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइज (साठवायच्या एका फाइलची कमाल मर्यादा) वाढवावी लागते, मुळात ती 4 एमबीच असते.

सायंतारा: त्यासाठी स्वतंत्र मिरर (पॅकेजेसची आपली प्रत ठेवणारा सर्व्हर) ठेवावा.

जुनी_वही: मिररसाठी वेगळा धागा काढा. खटपट्या, रूटने टर्मिनलवरून हाताने चालवला तर स्क्विड चालतो का?

खटपट्या: हो, चालतो! सिस्टिमसीटीएलने (सर्व्हिस म्हणून सुरू केला तर) मात्र नाही.

जुनी_वही: मग हे एसईलिनक्सच (लिनक्समधली जादा सुरक्षा, फाइलच्या लेबलवरून परवानगी ठरवते). सिस्टिमडीने (सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेने) उठवलेल्या स्क्विडवर त्याची बंधनं असतात, रूटने हाताने चालवलेल्यावर सहसा नसतात. एलएस -झेडने फोल्डरचं लेबल बघा. आधी सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने त्या पाथला स्क्विड_कॅश_टी लेबलचा नियम लावा, मग तो फाइल्सवर उतरवायला रिस्टोरकॉन -आरव्ही. नुसत्या रिस्टोरकॉनने भागणार नाही, नव्या पाथचा नियम त्याला ठाऊक नसतो. आणि कोणी एसईलिनक्स बंदच करा म्हटलं तर ऐकू नका.

खटपट्या: लेबल अनलेबल्ड_टी (म्हणजे लेबलच नाही) होतं. बदललं, चालू झाला! पण ॲक्सेस लॉगमध्ये सगळीकडे टीसीपी_टनेल (न उघडता पुढे पाठवलेलं), हिट (कॅशमधून दिलेलं) एकही नाही.

सायंतारा: ते सगळं एचटीटीपीएस. मी तेच सांगत होते.

तिरफळ: एचटीटीपीवरची एखादी मोठी फाइल प्रॉक्सीतून लागोपाठ दोनदा उतरवा. दुसऱ्यांदाही टीसीपी_मिस (कॅशमध्ये नाही) आलं तर त्या फाइलचे हेडर (सर्व्हरने फाइलसोबत पाठवलेली माहिती) इथे टाका.