मदत हवी आहे: २४ फुटी शिडाच्या बोटीचा तळ. पावसाळ्याआधी काय करावं, नंतर काय?

उथळपाणी
नमस्कार मंडळी. बोट फायबरची, २४ फुटी, लांब आणि उथळ कीलची (कील म्हणजे तळाखालचा जड कणा). पाणरेषेवर लांबी ६.२ मीटर, रुंदी २.४ मीटर, पाण्याखाली ९० सेंमी. कील बिडाची, बोल्टांनी जोडलेली. मागे ८ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. जयगड खाडीत मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून, असते. मे संपायच्या आत क्रेनने वर घ्यायची आहे.

तळावर बार्नॅकलचा (घट्ट चिकटणाऱ्या कवचाच्या जीवांचा) थर आहे, पाणरेषेला हिरवं शेवाळ. पाच नॉट जायची ती आता साडेतीनवर अडते. जुना रंग लाल आहे, पण कोणता ते ठाऊक नाही. डाव्या बाजूला रंगाखाली वाटाण्याएवढे फुगवटे दिसतात.

प्रश्न असे: बार्नॅकल कशाने काढू, अ‍ॅसिड चालेल का? मच्छीमार बोटींचा रंग मिळतो तो लावला तर? फुगवट्यांचं काय करायचं? आणि बोट चार महिने वरच असणार, तर सगळं काम जून ते सप्टेंबरमध्ये उरकता येईल ना?

फायबरमिस्त्री
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. पावसाळ्यात उरकणार नाही. बोट वर आहे म्हणजे ती वाळते आहे, हा आपल्याकडचा सर्वात महागात पडणारा गैरसमज. जुलैत हवाच इतकी दमट असते की ओलं फायबर ओलंच राहतं. त्यावर इपॉक्सी मारलं तर वर तेलकट पापुद्रा येतो, रंग मारला तर पुढच्या मार्चपर्यंत तो पोपडे धरतो. तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असल्याशिवाय डबा उघडूच नका. मे महिन्यात साफसफाई, पावसात फक्त निगराणी, रंगकाम ऑक्टोबरात, अशी विभागणी धरून चाला. नारळी पौर्णिमेला मच्छीमारांच्या होड्या पाण्यात जातात म्हणून आपलीही घालायची घाई करू नका. त्यांचं पोट त्यावर आहे, आपलं नाही.

साफसफाई मात्र क्रेनने बोट ठेवली त्याच दिवशी, तळ ओला असतानाच. एक रात्र गेली तरी शेवाळ वाळून चामडं होतं, आणि बार्नॅकलचा चुना सिमेंटसारखा धरतो. रुंद पट्टीची प्लास्टिकची खरवडणी घ्या. लोखंडी वापरायचीच असेल तर तिचे कोपरे कानशीने गोल करून घ्या, नाहीतर जेलकोटवर (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरावर) चरे पडतात आणि पाणी आत शिरायला तेवढी वाट पुरते. खरवडणी तळाशी जवळजवळ समांतर धरून ढकलायची, वरून ठोकायची नाही. मग प्रेशर वॉशर, फवारा पंख्यासारखा पसरलेला, नोझल तळापासून फूटभर लांब. फुगवट्यांवर जवळून मारलात तर जेलकोटच उडेल.

खरवडल्यावर बार्नॅकलच्या बुडाच्या पांढऱ्या चकत्या राहतात. अ‍ॅसिड फक्त त्यांच्यासाठी. हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक साधारण ३० टक्क्यांचं असतं. ९ भाग पाण्यात १ भाग अ‍ॅसिड ओता, उलट कधीही नाही. नायलॉनच्या ब्रशने चकत्यांवर लावा, पाचेक मिनिटं फेस येऊ द्या, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा. बिडाची कील, स्टेनलेसच्या पट्ट्या, झिंक (बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) आणि आउटबोर्डचा पाय यांना थेंबही लागू देऊ नका. ब्लीचिंगचं पाणी त्याच बादलीत गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. धीर असेल तर लिटरला १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड वापरा, वेळ दुप्पट-तिप्पट लागतो पण डोकेदुखी कमी. खाडीच्या पाण्याचे पिवळट डाग वेगळे, त्यांना ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम.

लाल_डबा
रंगाबद्दल. आधी जुना रंग ओळखा. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं तळावर मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग सहज आला आणि खाली लिबलिबीत लागलं, तर तो झिजणारा किंवा मऊ प्रकारचा. जेमतेम डाग पडला तर कडक प्रकारचा. कडकवर मऊ चालतं, नीट घासून घेतलं की झालं. मऊवर कडक लावलं तर खालचा थर हलतो आणि वरचा पत्र्यासारखा सुटतो. मच्छीमार बोटींच्या रंगाची भानगड तिथेच आहे. तो वाईट नसतो, पण अनेकदा त्यातला थिनर जहाल असतो आणि जुना थर उचलतो. फूटभर चौकोनावर लावून २४ तास थांबा. सुरकुत्या आल्या तर मध्ये सीलर प्रायमर लागेल किंवा जुना रंग पूर्ण उतरवावा लागेल.

तुमची बोट महिन्यातून दोन-तीनदा हलत असेल तर झिजणारा, म्हणजे सेल्फ-पॉलिशिंग घ्या. क्युप्रस ऑक्साइड किती टक्के आहे ते डब्यावर पाहा. आपल्या कोमट पाण्यात तांबं कमी असलेला रंग हंगाम काढत नाही. कोणाकडे कथिलाच्या संयुगाचा जुना डबा पडलेला असेल आणि तो 'जालीम आहे' म्हणून देत असेल तर घेऊ नका. २००८ पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि खाडीतल्या कालवांची त्याने वाट लागते.

हिशेब: लांब कीलच्या बोटीला पाणरेषेची लांबी गुणिले (रुंदी अधिक खोली) धरा. ६.२ × ३.३ म्हणजे सुमारे साडेवीस चौरस मीटर. दोन हात म्हणजे ४१. लिटरला ९ चौ. मी. धरले तर साडेचार लिटर. पाणरेषेचा वीतभर पट्टा, नाळेची कड, कीलची पुढची कड आणि सुकाणू, इथे तिसरा हात लागतोच, कारण रंग तिथे आधी झिजतो. सरळ पाच लिटर घ्या. पहिला हात वेगळ्या छटेचा मारलात तर पुढच्या वर्षी खालचा रंग डोकावला की कळतं, बोट वर घ्यायची वेळ झाली.

रोलर आखूड लवेचा. डबा दर दहा मिनिटांनी तळापासून ढवळा, तांबं जड असतं, खाली बसतं. थिनर घालून पातळ केलात तर पैसे वाचत नाहीत, थर पातळ बसतो एवढंच.

आणि आउटबोर्डच्या पायाला हा रंग लावू नका. अ‍ॅल्युमिनियमला तांबं लागलं की खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मुरिंगवर असताना इंजिन पूर्ण वर उचलून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

उथळपाणी
खूप आभार दोघांचे. दोन शंका. जुना रंग मशीनने सुका घासून काढला तर चालेल का? आणि फुगवटे पावसाळ्याआधी भरून घेऊ का?

फायबरमिस्त्री
सुकं घासणं नको. त्या धुळीत तांबं आणि विष असतं. ८० नंबरचा वॉटर पेपर, पाणी, हातमोजे, नाकावर नुसता रुमाल नाही तर फिल्टरचा मास्क. खाली ताडपत्री अंथरून खरवड गोळा करा. ती खाडीत लोटू नका, लोक तिथलीच कालवं-तिसऱ्या खातात.

फुगवटे अजिबात भरू नका, उघडा. चष्मा लावा, आत दाब असतो. नुसतंच खारट पाणी आलं आणि खाली जेलकोट गुळगुळीत दिसला तर तो रंगाचा फोड, घासलं की विषय संपला. पाणी चिकट, वास आंबट व्हिनेगरसारखा आणि खाली पांढरे धागे दिसत असतील तर ऑस्मोसिस आहे. पाणी जेलकोटमधून आत जातं, रेझिनमधली विरघळणारी द्रव्यं त्यात मिसळतात, ते द्रावण आणखी पाणी ओढून घेतं आणि फुगवटा वाढतो. म्हणून ती द्रव्यं धुऊन काढल्याशिवाय पुट्टी भरली तर दोन हंगामांत शेजारी नवा फुगवटा येतो.

इथे पावसाळ्याचा एक उपयोग आहे. मे महिन्यात फुगवटे ग्राइंडरने उघडून बशीसारखे उतरते करा आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने प्रेशर मारून धुवा. कोकणात गोड्या पाण्याला तेव्हा तोटा नाही. ऑक्टोबरात पाऊस थांबला की वाळवायला सुरुवात. फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा, २४ तासांनी आतून थेंब दिसले तर अजून ओलं आहे. ऑस्मोसिस बरंच पसरलेलं निघालं तर डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

भरताना इपॉक्सी पुट्टीच, पॉलिस्टर नको. पॉलिस्टर पाणी धरते. ३० अंशांच्या वर तापमान असेल तर एका वेळी २०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. उभ्या डब्यात अर्धा किलो ठेवलात तर दहा मिनिटांत तापून धूर येतो. मग पूर्ण तळाला इपॉक्सीचे पाच-सहा हात, वाळल्यावर जाडी २५० ते ३०० मायक्रॉन. शेवटचा हात अजून चिकट असताना, अंगठ्याचा ठसा उमटतो पण बोटाला लागत नाही अशा वेळी, अँटिफाउलिंगचा, म्हणजे शेवाळ-बार्नॅकल धरू न देणाऱ्या तळाच्या रंगाचा, पहिला हात मारा. ती वेळ चुकली तर सगळा तळ परत घासावा लागतो.

सुकती
वरचं सगळं बरोबर, पण ऑक्टोबरात रंग लावून मेपर्यंत हात न लावता भागेल असं कोणी समजू नये. खाडीत शेवाळाचा बुळबुळीत थर महिन्याभरात येतो. तो असतानाच पुसलात तर त्यावर बार्नॅकल जम धरत नाही. झिजणाऱ्या रंगावर ब्रश नको, जुन्या गालिच्याचा तुकडा किंवा स्पंज. पाण्यात लाल ढग उठला तर तुम्ही घाण नाही, रंग काढताय.

लांब कीलची बोट असल्यामुळे मधल्या हंगामात क्रेनचा खर्च नको. ओहोटीला पुळणीवर टेकवा. पण तिथी बघून. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा मुंबईकडचा ढोबळ हिशेब. दक्षिणेकडे यावं तशी वेळ थोडी अलीकडे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं, पण भरती दुपारी बाराला आणि सुकती संध्याकाळी सहाला. काम अंधारात. अष्टमीला सुकती दुपारी, पण तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, पाणी पुरेसं उतरतच नाही. द्वादशी-त्रयोदशी उत्तम: भरती नऊ-पावणेदहाला, सुकती सव्वातीन-चारला, आणि पाणी रोज वाढत्या क्रमाने. उधाण उलटल्यावर चतुर्थीला टेकवलीत आणि पाणी पुरलं नाही तर बोट पुढच्या उधाणापर्यंत तिथेच, कारण प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा कमी.

तरीही भरतीच्या माथ्यावर टेकवू नका, दीड तास उतरू द्या. आपल्या किनाऱ्यावर दिवसाची आणि रात्रीची भरती सारखी नसते. सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात संध्याकाळच्या भरतीची उंची तपासा. ती सकाळच्यापेक्षा ३० सेंमीने कमी असेल तर टेकवताना तेवढं पाणी आणखी उतरू द्या. जागा आधल्या सुकतीला चालून बघा. दगड नको, मऊ चिखल तर नकोच, कील त्यात चिकटते. शिडाची खालची आडवी काठी (बूम) बोट किनाऱ्याकडे किंचित कलेल अशी धरा, पाण्याकडे कलली तर भरतीचं पाणी आधी कॉकपिटमध्ये येतं. दोन्ही बाजूंना लाकडी पाय बांधा. कामाला तीनेक तास मिळतात. दोन माणसं असली तर धुणं, झिंक बदलणं आणि सीकॉकच्या (तळातल्या भोकावरच्या झडपेच्या) तोंडातली बार्नॅकल काढणं एवढं होतं. रंगाचा विचार त्या दिवशी नको.

लाल_डबा
झिंकवरून आठवलं. खाडीत पावसाळ्यानंतर बराच काळ मचूळ पाणी असतं, त्यात झिंकपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड चांगलं काम करतात. अर्धा झिजला की बदला आणि त्यावर रंग मारू नका. हे सांगावं लागू नये, पण मारलेला दिसतो.

सीकॉक पितळेचे असतील तर नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडून बघा. आत गुलाबी तांबूस रंग दिसला तर जस्त निघून गेलंय, तो कधीही हातात येईल. ब्राँझचा घ्या.

फायबरमिस्त्री
बिडाच्या कीलचं राहिलं. गंज वायर ब्रशने चकचकीत धातूपर्यंत काढा आणि लगेच, म्हणजे जेवायला न जाता, जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर मारा. खाऱ्या हवेत दोन-तीन तासांत पुन्हा तांबूस झाक येते आणि तिच्यावर मारलेला प्रायमर टिकत नाही. हेही ऑक्टोबरातच, कोरड्या दिवशी दहा ते चारमध्ये. कील आणि तळ यांच्या सांध्यात सिलिकॉन भरू नका, पॉलियुरेथेनचं सीलंट वापरा. सांध्यातून तांबूस पाणी सतत झिरपत असेल तर तो रंगाचा नाही, बोल्टांचा प्रश्न आहे. तेव्हा भरून झाकू नका, बोल्ट बघा.

उथळपाणी
कळलं, रंग ऑक्टोबरात. मग पावसात बोट नुसती झाकून ठेवू ना? जागा उताराची आहे, खाली चिऱ्याचे दगड टाकायचा विचार आहे.

सुकती
चिऱ्यावर थेट लोखंडी जॅक नको, भिजलेला जांभा कडेने सुटतो. मध्ये जाड फळी टाका. सगळं वजन कीलवर, जॅक फक्त तोल सांभाळायला. समोरासमोरचे जॅक खालून साखळीने बांधा, नाहीतर माती भिजली की दोन्ही बाहेर सरकतात. डोलकाठी उतरवा, वाऱ्याला ती सगळ्यात जास्त सापडते. मागचा ड्रेन प्लग काढा, सीकॉक उघडे ठेवा. आत साचलेलं पावसाचं पाणी आतून ऑस्मोसिस करतं. निळी ताडपत्री तळाला चिकटून बांधू नका, खाली वारा फिरू द्या. झाप (विणलेल्या नारळाच्या झावळ्या) मिळाले तर ताडपत्रीपेक्षा बरे.

जॅक जिथे टेकतात त्या जागा रंगवताना राहतात. एका वेळी एकच जॅक हलवा, तेही शेजारचे घट्ट आहेत हे बघून. कीलचा तळ मात्र पाण्यात सोडायच्या दिवशीच जमतो. क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवा की पट्ट्यांवर बोट अर्धा तास लटकती ठेवायची आहे. लांब दांड्याचा रोलर वापरा, पट्ट्यांवर लटकलेल्या बोटीखाली कोणी वाकायचं नाही.