पोरगा १४ वर्षांचा, माझ्याशी बोलत नाही. पोरगी २० महिन्यांची. काय करू?

केळीवाला, रावेर तालुका

नमस्कार मंडळी. एरवी इथे मी सीएमव्ही (केळीवरचा विषाणू रोग), ठिबक आणि भाव एवढंच विचारतो. आज घरचं विचारतोय.

साडेचार एकर केळी आहे. कापणीच्या दिवसांत पहाटे चारला निघतो, गाडी भरून होईपर्यंत दुपार. मोठा मुलगा लहान होता तेव्हा मी त्याला बघितला तो बहुतेक झोपलेलाच. माझ्या आईनेच वाढवला म्हणा ना. चार वर्षांचा असताना अंधाराला फार घाबरायचा. आमचं न्हाणीघर मागच्या अंगणात, रात्री तिकडे एकटा जायचा नाही. एकदा मी त्याला मुद्दाम एकटा पाठवला आणि मधलं दार लावून घेतलं, भीती मोडावी म्हणून. खूप ओरडला, दार वाजवलं, मग गप्प झाला. मला वाटलं, जमलं.

आता नववीत आहे. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या दोघी बहिणी माहेरी आल्या होत्या, घर भरलेलं. गणिताच्या चाचणीचा पेपर त्याने गादीखाली लपवला होता, तो भाचीच्या हाती लागला. २० पैकी ४. मी सगळ्यांसमोर, सालदार (वर्षाचा गडी) ओट्यावर बसलेला असताना, त्याच्या कानाखाली दिली. तेव्हापासून "हो", "नाही", "जेवलो". तीन महिने झाले. कामाला नाही म्हणत नाही. पावसाने ओढ दिली आणि रात्रीची लाईट असली की मोटर सुरू करायला तोच उठतो, एक वाजता, काही न बोलता. सकाळी शाळेसाठी उठवायला गेलं तर उठत नाही, त्यावरून परत माझी चिडचिड.

धाकटी २० महिन्यांची आहे. मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही. बायको म्हणते इंग्रजी शाळेत घालायची आहे, म्हणून तिच्याशी आत्तापासून तसंच बोलायचं. वाड्यात घडांचा ढीग पडलेला आणि पोरगी बोट दाखवून म्हणते "बनाना". आई म्हणते, पोरं आपोआप वाढतात, आम्ही कुठे काय केलं होतं तुमच्यासाठी.

श्रावणात आमच्या खानदेशातली कानबाई देवी घरी बसेल, भाऊबंद आणि बहिणी परत जमतील. त्याच्या आत काही करावं असं वाटतं. मोठा हातचा गेला का? आणि धाकटीच्या बाबतीत परत तेच होऊ नये म्हणून काय करू?

कापूसवाला, धरणगाव

भो, इतकं मनाला लावून घेऊ नका. आम्ही मार खाऊनच शिकलो. बापासमोर मी कधी खाटेवर बसलो नाही, वर मान करून बोललो नाही. धाक नसला तर पोरं डोक्यावर बसतात. २० पैकी ४ पडल्यावर काय आरती ओवाळायची? येईल बोलायला, भूक लागली की.

माध्यमिक शिक्षक, पारोळा

कापूसवाले दादा, धाक आणि शिस्त यांत फरक आहे. बी.एड.ला आम्हाला डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम शिकवलं होतं, १९६०च्या दशकातलं. काही पालक नुसते हुकूम सोडतात, काही सगळंच सोडून देतात, आणि काही नियम पक्के ठेवतात पण नियमाचं कारण सांगतात, मुलाचं ऐकून घेतात. तिसऱ्या प्रकारच्या घरातली मुलं स्वतःला जास्त सावरू शकतात असं त्यांना दिसलं. म्हणजे नियम हवेतच. शाळेत हात उचलायला आम्हाला शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार बंदी आहे. सुरुवातीला मलाही वाटलं होतं की आता वर्ग हातात राहणार नाही. राहिला.

केळीवाले दादा, गणिताचं माझ्याकडे सोडा. नववीतल्या ज्या मुलाला २० पैकी ४ पडतात, त्याचं बहुतेक वेळा सहावी-सातवीतलं अपूर्णांक आणि ऋण संख्यांचं काहीतरी राहिलेलं असतं. मी त्याची परीक्षा घेणार नाही, फक्त कुठे अडतं ते बघू. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो.

निवृत्त अंगणवाडी सेविका, चोपडा तालुका

दादा, तुमचं दोनदा वाचलं. मी ३१ वर्षं अंगणवाडीत काढली. योजना १९७५ मध्ये सुरू झाली, आमच्या गावात पोचायला पुढची बारा-तेरा वर्षं गेली, आणि पहिल्या दिवसापासून मी तिथे. काट्याला झोळीत लटकवून ज्यांचं वजन केलं, ती पोरं नंतर स्वतःची पोरं घेऊन माझ्याकडे आली. त्यामुळे एकेक घर तीस वर्षं बघितलंय, तेवढ्यावरून बोलते.

थप्पड चुकीचीच. पण मला जास्त लागलं ते न्हाणीघराचं दार. तुम्ही लिहिलंय, तो गप्प झाला आणि तुम्हाला वाटलं जमलं. दादा, चार वर्षांच्या पोराची भीती अशी जात नाही. हाक मारून कोणी येत नाही, एवढं त्याला कळलं. पेपर गादीखाली गेला तो तिथूनच. तुम्ही दुष्टपणाने केलं नाहीत, तुमच्याशीही कोणीतरी तसंच वागलं असेल. पण तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

पहिल्या वर्षाबद्दल आपल्याकडे म्हणतात, रडलं की लगेच उचलू नका, लाडावतं. असं लाडावलेलं तान्हं मूल मला ३१ वर्षांत दिसलं नाही. उलट, जे रडलं की कोणीतरी येतं, तेच पुढे रांगत लांब जातं आणि मागे वळून बघतं, माय आहे ना. आठव्या-नवव्या महिन्यात मूल परक्याला बघून रडायला लागतं. दिवसभर बाहेर असणारा बाप संध्याकाळी आला तरी रडतं. पुष्कळ बापे तिथेच नाराज होतात, "मला ओळखत नाही" म्हणतात आणि उचलायचं सोडतात. तुमचंही मोठ्याच्या वेळी तसं झालं असेल का, आठवून बघा.

धाकटीचं. जेवताना मोबाइल बंद. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि दोन ते चार वर्षांत जास्तीत जास्त तासभर, तोही कमी तेवढा बरा. माझं कारण साधं आहे. मोबाइल बघताना मूल तोंड उघडतं, पण जेवत नाही. पोट भरल्याचं त्याला कळत नाही आणि आपल्याला ते सांगता येत नाही. दोन-तीन दिवस रडेल. ताटलीत वरण-भात, भाकरीचा मऊ भाग, भरताचा बिनतिखट कोपरा ठेवा आणि तिच्या हाताने खाऊ द्या. सांडू द्या. घरात सगळे जेवतात तेव्हाच बसवा, ते बघूनच ती शिकेल.

भाषेचं तर मी हात जोडून सांगते. तिच्याशी घरची बोली बोला. माझ्या अंगणवाडीत अहिराणी बोलणारी पोरं यायची, पावरी बोलणारी यायची. नव्या पोराला मी आधी त्याच्या बोलीत विचारायची, "आठे ये, काय व्हयनं?" (इकडे ये, काय झालं?) त्याचा चेहरा सुटायचा. पुस्तकी मराठी वर्षभरात आपोआप यायची. ज्यांना घरात कोणी बोलतच नव्हतं, नुसतं "बस, ऊठ, गप्प" एवढंच ऐकलेलं, ती सगळ्यात मागे राहायची, मग घरची भाषा कोणतीही असो. इंग्रजी शाळेत शिकेलच. पण आजी जात्याजवळ, चुलीजवळ जे बोलते त्याच्या बदल्यात "ॲपल, बनाना" असे सुटे शब्द देऊ नका. तिने "बनाना" म्हटलं तर रागावूही नका. "हो बाई, केळं. पिवळं झालं. बाबांनी आणलं." एवढं बोला. ती एक शब्द टाकेल, तुम्ही तीन परत करा.

आता मोठा. दादा, वयात येताना पोरांची झोप पुढे सरकते, अकरा-बारापर्यंत डोळाच लागत नाही. तो आळस नसतो, शरीर बदलत असतं. त्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तुम्ही त्याला रात्री एक वाजता मोटरवर पाठवता आणि सहाला उठवता. गणित कोणत्या डोक्याने करेल? मोटरचं काम त्याच्याकडून काढा. आणि जो पोरगा एके काळी न्हाणीघरात जायला घाबरायचा, तो आज एकटा रात्री विहिरीवर जातो. त्याला अजून भीती वाटते का, हे कोणी विचारलंय का?

माफी मागा. बागेत, दोघंच असताना. कारण सांगत बसू नका, पेपरचा विषय काढू नका. तो उत्तर देणार नाही. देऊ नये असंच धरून चाला.

हे मी शहाणपणातून सांगत नाही. माझा मुलगा १५ वर्षांचा असताना मी त्याची वही वाचली, काळजीपोटी. त्याला कळलं. गावातल्या शंभर पोरांशी कसं बोलावं हे मला येत होतं, आणि स्वतःच्या पोराला "मी चुकले" म्हणायला मला सहा वर्षं लागली. तो सुरतला असतो, आता फोन करतो. ती सहा वर्षं मात्र गेली.

केळीवाला, रावेर तालुका

ताई, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. आठवलं. तो वर्षाचा व्हायचा होता, मला बघून आईच्या पदरात शिरायचा. मी खरंच म्हणालो होतो, राहू दे, मोठा झाला की ओळखेल.

सर, तुमचा नंबर मिळाला.

शहाद्याची, सध्या धुळ्यात शिकते

दादा, मी २१ वर्षांची आहे. मुलाच्या बाजूने लिहिते.

माझे वडील एसटीत वाहक. आठवड्यात तीन-चार रात्री मुक्कामी गाडी, म्हणजे तेही घरी कमीच. मी बारा वर्षांची होते तेव्हा मला मावशीकडे धुळ्याला एकटीने जायचं होतं. आई नाहीच म्हणाली. पप्पा म्हणाले, जाशील. पहिल्या वेळी ते त्याच गाडीत मागच्या सीटवर बसले आणि मी पुढे. तिकीट मीच काढलं, सुटे पैसे मीच मोजले, ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी ते फक्त दोंडाईचा स्टँडवर उभे होते. गाडी थांबली, मी खिडकीतून हात केला, ते निघून गेले. तिसऱ्या वेळी मी एकटी गेले. एकेक पाऊल ते मागे सरकत होते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

पंधरा वर्षांची असताना मैत्रिणींबरोबर खोटं सांगून एका लग्नाच्या वरातीला दुसऱ्या गावी गेले. तिथे काही मुलं प्यायलेली होती, परतीची गाडी नव्हती, रात्रीचे साडेनऊ झाले होते. बाकीच्या तिघी घरी फोन करायला तयार नव्हत्या, रडत होत्या. मी पप्पांना केला. ते कोणाची तरी जीप घेऊन आले, चौघींना बसवलं, प्रत्येकीला घरी सोडलं. रस्त्यात काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बोलले, आणि नीटच बोलले. दोन महिने क्लास सोडून कुठे जायचं नाही अशी शिक्षाही केली. मी ती मुकाट्याने भोगली, कारण ती बरोबर होती.

कापूसवाले काका, धाक मलाही होता. पण त्या रात्री ज्यांना नुसता धाक होता, त्या तिघींना फोन करता आला नाही.

कापूसवाला, धरणगाव

बाई, तुझं वाचलं. माझी नात आठवीत आहे. तिच्या बापाला दाखवतो.

केळीवाला, रावेर तालुका

सांगायला उशीर झाला, कानबाईची गडबड होती.

मोटरचं काम मी घेतलं. माफीही मागितली. तो केळीची पिलं (बुंध्याजवळ फुटणारे कोंब) कापत होता, मी शेजारच्या ओळीत. मी म्हणालो, आखाजीला मारलं ते चुकलं माझं, आणि तू लहान होतास तेव्हा अंगणातलं दार लावलं होतं तेही. त्याने विळा थांबवला नाही. ओळ संपल्यावर पाणी प्यायला आणि म्हणाला, "पाहुण्यांसमोर मारायला नको होतं." तीन महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य. दाराबद्दल काहीच बोलला नाही. कानबाईला रोट खायला सगळ्यांमध्ये बसला, आत्याशी बोलला, माझ्याशी फारसा नाही. रविवारी सरांकडे जातो, बसने, त्याच्या तो. मी सोडायला गेलो नाही.

धाकटीचा मोबाइल बंद केला. पहिले दोन दिवस आईनेच लपून दिला, मग तिलाही पटलं. आता भरत डोक्यापर्यंत फासते, पण खाते.

ताई, एक राहिलं. ती आता २१ महिन्यांची झाली. आठ-दहा शब्द आहेत, पण दोन जोडून बोलत नाही. मागून हाक मारली तर कधी वळते, कधी नाही. आम्ही समजत होतो, मोबाइलमुळे लक्ष नसतं. आता मोबाइल नाही, तरी तसंच आहे.

निवृत्त अंगणवाडी सेविका, चोपडा तालुका

दोन शब्द जोडायला दोन वर्षांपर्यंत वेळ असतो, त्याची घाई नाही. पण हाकेचं बघा, आणि वाट बघू नका. पूर्वी कान फुटला होता का, पाणी यायचं का, सर्दी वारंवार होते का, ते लिहून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तुमच्या सेविकेला तारीख विचारा. तारीख लांब असेल तर थांबू नका, सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांना दाखवून ऐकण्याची तपासणी करून घ्या. फुकट होते. तोवर घरात एक करा. ती पाठमोरी खेळत असताना वाटी-चमचा हळूच वाजवा, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, आणि कोणत्या बाजूला वळते ते लिहा. वाजवायला मोठ्याला सांगा, लिहायला तुम्ही बसा.