धागा: बी.एड. करणाऱ्याने विद्यार्थी नेतृत्व परिषदेला जावं का?

बालाघाटची लेक (बी.एड., दुसरं वर्ष)
छत्रपती संभाजीनगरला दोन दिवसांच्या विद्यार्थी नेतृत्व परिषदेला जाऊन आले. आमची इंटर्नशिप चालू आहे, धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत. सहावीचे अपूर्णांकांचे दोन पाठ बुडाले, आणि वर्गातली मंडळी म्हणतात, शिक्षकाला हे कशाला पाहिजे?

भाषणं बरीचशी विसरले. एक गोष्ट मात्र घेऊन आले. गटात बसल्यावर आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, मग सगळ्यात कमी बोललेल्याने पहिलं बोलायचं. परत आल्यावर बालसभेत तेच केलं. एरवी तिथं दोन-तीनच पोरं बोलतात. यावेळी एका मुलीची चिठ्ठी आली: मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून आम्ही दुपारपर्यंत पाणी पीत नाही. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत, ती आजीजवळ राहते. मी तिला महिनाभर शिकवत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. म्हणून माझं मत आहे, जावं.

निवृत्त केंद्रप्रमुख
ताई, तुमची तळमळ कळते. तरी माझा विरोध आहे. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं ते मुख्यतः शाळेत जास्त दिवस मिळावेत म्हणून. वीस आठवडे मिळतात, त्यातला एकेक दिवस मोलाचा. आणि कडीचा शोध लागायला संभाजीनगर कशाला? शाळेतल्या जुन्या बाईंना विचारलं असतं तरी कळलं असतं. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढं अंबाजोगाईत शिक्षक होते. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचं नेतृत्व त्यानंतर आलं. आधी फळा, मग सभा.

गोदाकाठ
गुरुजी, स्वामीजींचं बरोबर. पण निजामाच्या राज्यातली 1938 ची वंदे मातरम् चळवळही आठवा. औरंगाबादच्या कॉलेजातली आणि उस्मानिया विद्यापीठातली पोरं वसतिगृहात एकत्र राहत होती, म्हणून एकमेकांच्या आधाराने उभी राहिली. वंदे मातरम् म्हटलं म्हणून काढून टाकल्यावर कितीतरी जण नागपूर विद्यापीठात जाऊन शिकले. आजचा नवा शिक्षक दोनशिक्षकी शाळेत जातो, तिथं त्याच्या वयाचं कोणी नसतं. दुसऱ्या जिल्ह्यातले चार सोबती आत्ताच भेटले तर अडचणीला फोन करायला माणूस राहतो.

परभणीकर
माझा मुद्दा वेगळाच आहे. परिषदेला कोण जातं? जो आधीच धीट आहे, ज्याच्या घरून प्रवासाला आणि फीला पैसे मिळतात तो. आमच्या कॉलेजातून दोघांची नावं गेली, दोघंही दरवर्षी सूत्रसंचालन करणारे. माझ्या शेजारी बसणारी पोरगी गावाहून एसटीने येते, संध्याकाळी रानातलं काम करते. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. चांगली शिक्षिका तीच होणार आहे. तुमच्या परिषदेत कमी बोलणाऱ्याला पहिलं बोलू देतात म्हणता, पण कमी बोलणारा दारापर्यंत पोचतो का?

बालाघाटची लेक
परभणीकर भाऊ, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझंही नाव प्राध्यापकांनीच घातलं होतं. नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत आणि प्रवासखर्च कॉलेजने द्यावा, एवढं मी आमच्या प्राचार्यांना लिहून देते.

गुरुजी, जुन्या बाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सगळं ठीक आहे. त्यांचा दोष नाही, मोठ्यांचा संडास वेगळा आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका असतात, हे आम्ही परीक्षेत लिहितो. पण त्या बायकांना बैठकीत बोलतं कसं करायचं, हे कोणत्या पाठात शिकवलं?

निवृत्त केंद्रप्रमुख
हे शिकवत नाहीत, खरं आहे. शिकवायला हवं, पण कॉलेजातच, सगळ्यांना. दोघांना गाडीत बसवून नव्हे. त्या कडीचं काय झालं?

बालाघाटची लेक
बसली. समितीतल्या एका आईने मुख्याध्यापकांपुढं विषय काढला, तिसऱ्या दिवशी सुतार आला.

निवृत्त केंद्रप्रमुख
छान केलंत. आणि अपूर्णांक?

बालाघाटची लेक
एक पाठ शनिवारी जादा तास घेऊन केला. छेद वेगळे असलेली बेरीज अजून राहिली आहे, सोमवारी घेते.