डेशियसचा २५० सालचा बळीचा हुकूम : दाखल्यात नेमकं काय लिहिलेलं असे?

प्रश्न
रोमन सम्राट डेशियसने इ.स. २५० मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि धर्म सोडल्याचे दाखले लिहून घेतले, असं बरेचदा वाचायला मिळतं. त्या दाखल्याचा मजकूर काय असायचा? आणि बळी न देता नुसता दाखला मिळवता यायचा का?

उत्तर १
दाखले धर्म सोडल्याचे नव्हते, बळी दिल्याचे होते. इजिप्तच्या कोरड्या वाळूत चाळीसहून जास्त टिकले. बहुतेक फयूम भागातल्या थिआडेल्फिया गावचे, २५० च्या जून-जुलैमधले, ग्रीक भाषेत पपायरसवर लिहिलेले.

मुळात तो अर्जच. वर ‘बळींवर देखरेखीसाठी निवडलेल्या मंडळास’, मग नाव, बापाचं नाव, गाव, कधी वय आणि ओळखीची खूण. एक अर्ज ७२ वर्षांच्या डायोजेनिसचा आहे, खूण : उजव्या भुवईवर व्रण. पुढे ठरीव मजकूर : मी देवांना नेहमीच बळी देत आलो, आताही हुकुमाप्रमाणे तुमच्यासमोर अर्घ्य ओतलं, बळी दिला, प्रसाद चाखला, तरी साक्षांकित करावं. खाली ‘तुला बळी देताना पाहिलं’ असा शेरा, सही आणि तारीख. हस्ताक्षरं वेगवेगळी दिसतात : मजकूर लेखनिकाचा, शेरा-सही मंडळाची. ती सही पडली की अर्जाचाच दाखला झाला.

ख्रिस्ताचं नाव यात कुठेही नाही. त्याला नाकारा, असंही कोणी लिहून घेत नव्हतं.

उत्तर २
वरच्याला जोड. मूळ हुकुमाचा मजकूर उरलेला नाही, त्यामुळे ‘बंदी’ हा शब्द जपून वापरावा. एक दाखला चक्क पेटेसूखोस या मगरदेवाच्या पुजारणीचा आहे. ती ख्रिस्ती असण्याचा संशय कोणाला येणार? म्हणजे हुकूम सरसकट होता. सम्राट कॅराकॅलाने २१२ मध्ये साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र प्रजेला नागरिकत्व दिलं होतं, नवे नागरिक त्याचं कुलनाम लावत, म्हणून तर अर्जांत जो तो ‘ऑरेलियस’ नाहीतर ‘ऑरेलिया’.

११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा (आजचं उत्तर तुर्कस्तान) राज्यपाल प्लिनी याने ख्रिस्त्यांचं काय करायचं म्हणून विचारलं, तेव्हा सम्राट ट्राजनचं उत्तर होतं : ख्रिस्त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका. तक्रार झाली तरच प्रकरण उभं राहायचं. डेशियसच्या पद्धतीत तक्रारदार लागतच नाही. जो मंडळासमोर आला नाही तो आपोआप उघडा पडला.

उत्तर ३
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो, यायचा. पैसे देऊन किंवा मध्यस्थ घालून दाखला मिळवणाऱ्यांना चर्चच्या भाषेत ‘लिबेलातिची’ असं वेगळं नावच पडलं. बळी देणारे ‘साक्रिफिकाती’, नुसता धूप जाळणारे ‘थुरिफिकाती’.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो की, तिथे लोकांनी स्वतःहून गर्दी केली. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणत, तर आजच उरकून घ्या म्हणून काही जण गळ घालत. (स्वतः सिप्रियन त्या वेळी शहर सोडून लपला होता. त्यावरून त्याला बोलही ऐकावे लागले.)

खरा घोळ नंतरचा. छळ सोसूनही न डगमगलेले लोक, पतितांना (बळी देऊन किंवा दाखला घेऊन डगमगलेल्यांना) चर्चमध्ये परत घ्या अशी शिफारसपत्रं देऊ लागले. काहींत ‘अमक्याला त्याच्या माणसांसकट’ एवढंच. त्याची माणसं म्हणजे किती? वीस-तीस जण एका चिठ्ठीवर आत येऊ शकत! २५१ च्या कार्थेजच्या बिशपांच्या सभेने मग फरक केला : लिबेलातिचींचं प्रकरण एकेक तपासून त्यांना परत घ्यायचं, बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं, त्यांना चर्चमध्ये परत घ्यायचं ते मरणाच्या दारातच. दुसऱ्या छळाची चाहूल लागल्यावर दोनेक वर्षांत ही अटही सैल केली. रोममध्ये नोव्हेशियन या पाद्र्याला एवढीही सवलत मान्य नव्हती. त्याने वेगळा पंथच काढला.

प्रश्नकर्ता
आभार. मग हुकूम मागे कधी घेतला?

उत्तर १
औपचारिक माघारीची नोंद नाही. २५१ च्या सुरुवातीपर्यंत जोर ओसरलाच होता. त्याच वर्षी ॲब्रिटसला (आजच्या बल्गेरियात) गॉथ टोळ्यांशी लढताना डेशियस पडला. सम्राट व्हॅलेरियनने २५७ मध्ये पुन्हा छळ सुरू केला तो मात्र नेमका ख्रिस्त्यांचाच, आणि आधी बिशप-पाद्र्यांना धरून.