सोरायसिसमध्ये मेथोट्रेक्झेटआधी आणि नंतर पेट-सीटी: महाधमनीतला दाह मोजताना काय सांभाळावं?

त्वचारोग_पीजी_धुळे
प्रबंधाचा आराखडा एथिक्स कमिटीकडे द्यायचा आहे, त्याआधी जाणकारांची मतं हवीत. मध्यम ते तीव्र सोरायसिसचे (पासी, म्हणजे चट्ट्यांची तीव्रता आणि पसरण मोजणारा गुणांक, 10 च्या वर) 20 रुग्ण घ्यायचे, आठवड्याला 15 मिग्रॅ मेथोट्रेक्झेट आणि फॉलिक अ‍ॅसिड, 16 आठवडे. सुरुवातीला आणि शेवटी एफडीजी (किरणोत्सर्गी साखर) टोचून पेट-सीटी करून महाधमनीच्या भिंतीतला अपटेक (ती किती शोषली जाते) मोजायचा. पहिला स्कॅन डिसेंबरात, दुसरा एप्रिलमध्ये. स्कॅन नाशिकला. रुग्ण शिरपूर, साक्री, चोपडा, शहादा भागातले.

प्रश्न असे: इंजेक्शननंतर नेहमीप्रमाणे तासाभराने स्कॅन चालेल का? तयारी काय सांगायची? आणि त्याच स्कॅनवर त्वचेच्या चट्ट्यांचा अपटेक मोजून पासीशी जोडता येईल का?

हॉटलॅब_नाशिक
एक तास कॅन्सरच्या स्कॅनला पुरतो, रक्तवाहिनीच्या भिंतीला नाही. साठाव्या मिनिटाला रक्तातच एफडीजी भरपूर शिल्लक असतं, त्यात दोन-तीन मिलिमीटरची भिंत वेगळी दिसत नाही. युरोपियन न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेने या कामासाठी दोन तास थांबायला सांगितलं आहे. किलोमागे 3 ते 4 मेगाबेक्वेरेल डोस, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 180 मेगाबेक्वेरेल, जवळपास 5 मिलिक्युरी. दोन तासांत त्यातलं 47 टक्केच उरतं (फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य 110 मिनिटं), त्यामुळे एका बेड पोझिशनला (स्कॅनरच्या एका टप्प्याला) नेहमीची दोन मिनिटं पुरणार नाहीत, पाच-सहा तरी द्या. 120 मिनिटं ठरवली तर दोन्ही वेळा 120 च, फार तर दहा मिनिटं इकडे-तिकडे. पहिला स्कॅन 100 ला आणि दुसरा 140 ला झाला, तर मेथोट्रेक्झेटने काहीही केलं नसलं तरी आकडे हलतील.

सेंटरशी आधीच बोलून ठेवा. दोन तास थांबणारा रुग्ण इंजेक्शननंतरची खोली अडवतो, आणि सायक्लोट्रॉनहून (एफडीजी जिथे बनतं) निघालेल्या मालाला वाटेत चार तास लागले तर मूळ अ‍ॅक्टिव्हिटीतली 22 टक्के हाती येते. संशोधनाचे रुग्ण यादीच्या शेवटी टाकले की त्यांना कमी डोस मिळतो. त्यांना पहिला नंबर मिळेल असं लेखी ठरवा. स्कॅनर तोच, रिकन्स्ट्रक्शन (प्रतिमा बनवण्याचं गणित) तेच. मधेच सॉफ्टवेअर बदलून पीएसएफ (प्रतिमा तीक्ष्ण करणारी दुरुस्ती) सुरू केलं तर एसयूव्ही मॅक्स (वजन आणि डोस धरून काढलेल्या अपटेकचा सर्वांत मोठा आकडा) नुसत्या गणितानेच वाढतो.

तयारी: किमान सहा तास उपाशी, पाणी चालेल. साखर 126 च्या खाली. जास्त असेल तर इन्सुलिन देऊन उतरवू नका, सगळं एफडीजी स्नायूंत जातं, तारीख बदला. मेटफॉर्मिनमुळे आतड्यात अपटेक भडकतो आणि पोटातल्या महाधमनीशेजारी गोंधळ होतो. फिजिशियनच्या संमतीने 48 तास बंद ठेवता आलं तर उत्तम.

चढती महाधमनी मोजायची असेल तर हृदयाच्या स्नायूचा अपटेकही दाबावा लागतो, त्यासाठी आदल्या 24 तासांत कर्बोदकं जवळजवळ बंद. इथे आपल्याकडे घोटाळा होतो. "हलकं जेवा" सांगितलं की माणूस केळी आणि दूध घेऊन येतो. कळण्याची भाकरी, पोळी, भात, डाळ, शेवभाजी (शेव बेसनाची असते), केळी, गूळ, चहातली साखर, सगळं बंद. अंडी, पनीर, तेलावरचं चिकन-मटण चालेल. तेल सोडून केलेलं वांग्याचं भरीत चालेल, पण सोबत पुरी-भाकरी नको. रुग्णाकडून काय खाल्लं त्याची घडाळ्याच्या वेळेसकट नोंद घ्या. सूचना छापील मराठीत देऊन थांबू नका. अहिराणी आणि पावरी-भिलीत आवाज रेकॉर्ड करून फोनवर पाठवा.

डिसेंबरात पहाटे चारला शहाद्याहून निघालेला माणूस खिडकीच्या वाऱ्यात कुडकुडत येतो. थंडीने मानेत आणि मणक्याच्या कडेला तपकिरी चरबी पेटते, ती कॅरॉटिड आणि छातीतल्या महाधमनीला लागूनच असते. स्वेटर, शाल सांगा, आल्यावर इंजेक्शनच्या आधी अर्धा तास उबेत बसवा. शक्य असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवा.

त्वचेचं विचारलंत: चट्टे दिसतात, पण आकडा विश्वासाचा नाही. पेटचं रिझोल्यूशन चार-पाच मिलिमीटर, त्वचा त्याहून पातळ, त्यामुळे खरा अपटेक आजूबाजूला पसरून कमी दिसतो. चट्टा पातळ झाला की दाह तेवढाच असूनही आकडा उतरेल. वर्णन लिहा, मुख्य निष्कर्षात घेऊ नका. आणि सुई चट्ट्यातून टोचू देऊ नका.

सांख्यिकी_जळगाव
डॉक्टर, तयारी सुधारेल, पण मला आराखड्याचीच काळजी वाटते.

डिसेंबर ते एप्रिल ही जोडी निवडू नका. सोरायसिस थंडीत वाढतो, उन्हात उतरतो. खानदेशात एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जातो, शेतात राबणाऱ्याला आयती फोटोथेरपी मिळते. औषध न देताही पासी खाली येईल आणि श्रेय मेथोट्रेक्झेटला जाईल. शिवाय रोग जास्त असलेलेच रुग्ण निवडल्यामुळे दुसऱ्या मोजणीत सरासरीकडे सरकणं (टोकाचे आकडे आपोआप मधोमध येणं) होणारच. तुलनेचा गट नसेल तर यातलं काहीच वेगळं काढता येणार नाही.

आता संख्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या गटाने 2017 मध्ये 115 रुग्णांचा अभ्यास छापला. वर्षभराने महाधमनीतला दाह सुमारे 6 टक्के उतरला होता, आणि त्यात अनेकांना बायोलॉजिक (दाहातला ठरावीक रेणू अडवणारं इंजेक्शन) चालू होतं. टीबीआर (भिंतीतला अपटेक भागिले रक्तातला) 1.7 धरला तर 6 टक्के म्हणजे 0.10. बदलाचं प्रमाण विचलन 0.20 मानलं, तर 80 टक्के पॉवरसाठी (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) एकाच गटात आधी-नंतर तपासायला 32 रुग्ण लागतात. दोन गटांची तुलना करायची तर प्रत्येकी 63. वीस रुग्णांत "फरक आढळला नाही" एवढंच लिहून होईल आणि त्याचा अर्थ काहीच निघणार नाही.

औषधाच्या बाजूनेही अपेक्षा बेताची ठेवा. हृदयविकाराच्या रुग्णांत कमी डोसच्या मेथोट्रेक्झेटच्या मोठ्या चाचणीत (4786 रुग्ण, आठवड्याला 15 ते 20 मिग्रॅ) ना सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) उतरलं, ना झटके कमी झाले. सोरायसिसमध्ये अ‍ॅडालिमुमॅब आणि सेक्युकिनुमॅब या बायोलॉजिक औषधांच्या चाचण्यांत महाधमनीतला दाह प्लासिबोपेक्षा कमी झाला नाही. उस्टेकिनुमॅबने 12 आठवड्यांनी सुमारे 19 टक्के घट दाखवली, ती 52 आठवड्यांपर्यंत टिकली नाही.

माझं मत: एकदाच स्कॅन करा आणि रुग्ण वाढवा. पासी आणि टीबीआर यांचा संबंध 0.4 (सहसंबंध गुणांक) असेल असं मानलं तर 47 रुग्ण पुरतात. वय, कंबर, साखर, धूम्रपान यांची दुरुस्ती करायची म्हणून 55-60 धरा. वर्षभर सगळ्या ऋतूंत भरती करा. वीस रुग्णांचे चाळीस स्कॅन आणि साठ रुग्णांचे साठ, खर्चात फरक आहे, पण हाती येणारं उत्तर खरं असेल. आणि पहिल्या रुग्णाच्या आधी सीटीआरआयवर (भारताची चाचणी-नोंदवही) नोंदणी. नंतर करता येत नाही.

सातपुडा_स्किन
वरच्या दोघांशी सहमत. क्लिनिकच्या बाजूचं थोडं.

सावळ्या त्वचेवर लाली जांभळट-करडी दिसते, म्हणून पासीतला लालीचा गुण कमी पडतो. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे, दिवसाउजेडी, चट्टा किंचित ताणून पाहावं आणि दोघांतला मेळ प्रबंधात द्यावा. खवले नुकते मलम किंवा खोबरेल लावून आलेल्या माणसाचे मोजू नका.

स्टॅटिनची (कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची) नोंद हवीच. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनने चार आठवड्यांतच धमनीतला एफडीजी अपटेक उतरू शकतो. सुरू असेल तर तीन महिने डोस स्थिर असावा, अन्यथा रुग्ण घेऊ नका. पोटातून स्टिरॉइड घेतलेले वगळा, आणि "काही औषध घेता का" एवढंच विचारू नका. गावठी पुडीतून स्टिरॉइड पोटात गेलेलं असतं. पुडी, बाटली, इंजेक्शन, वेगवेगळं विचारा.

आपल्या भागात छातीतल्या गाठी चमकल्या तर क्षयाचा विचार आधी येतो. अशा अचानक सापडलेल्या गोष्टीचं पुढे काय करणार, रुग्णाला कोण सांगणार, तपासणीचा खर्च कोणाचा, हे संमतिपत्रातच लिहा. कमिटी विचारेलच. बाळंतपणाच्या वयातल्या बाईची गर्भचाचणी स्कॅनच्या दिवशी करा.

त्वचारोग_पीजी_धुळे
सर्वांचे आभार. एकदाच स्कॅन, 60 रुग्ण, असा आराखडा गाईडसमोर ठेवते. टीबीआर काढताना रीजन (मोजणीचं वर्तुळ) नेमका कुठे काढायचा? आणि नुसता एसयूव्ही का नको?

हॉटलॅब_नाशिक
मॅडम, एसयूव्हीमध्ये वजन, डोस, घड्याळ, सगळ्याच्या चुका शिरतात. डोस कॅलिब्रेटर आणि स्कॅनरच्या घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असेल तर तीन टक्के तिथेच गेले. भागाकारात त्या कटतात, अपटेकच्या वेळेची चूक मात्र कटत नाही. उलट, रक्तातला आकडा लहान असल्यामुळे तो थोडा हलला तरी टीबीआर उडी मारतो. म्हणून भिंतीचा एसयूव्ही, रक्ताचा एसयूव्ही आणि टीबीआर, तिन्ही रकाने स्वतंत्र द्या.

रीजन असा: प्रत्येक अ‍ॅक्सियल काप घेऊन सीटीवर महाधमनीच्या बाहेरच्या कडेने वर्तुळ, त्यातला मॅक्स. सगळ्या कापांच्या मॅक्सची सरासरी. रक्तासाठी सुपीरिअर व्हेना कॅव्हाच्या (हृदयात येणाऱ्या वरच्या मोठ्या शिरेच्या) मधोमध छोटं वर्तुळ, भिंतीला न टेकता, किमान सहा कापांत, त्याचा मीन (सरासरी). भिंतीच्या आकड्याला रक्ताच्या आकड्याने भागा.

सर्वांत जास्त चूक उतरत्या महाधमनीत होते. ती मणक्याला टेकलेली असते, आणि सोरायसिसमध्ये अस्थिमज्जेचा अपटेकही वाढलेला असू शकतो. तो वर्तुळात सांडला की रोग जास्त असलेल्यांत टीबीआर खोटाच वाढतो, म्हणजे तुमचा पासीशी संबंध आयताच "सिद्ध" होतो. मॅक्सचा पिक्सेल मणक्याच्या बाजूला आला तर तो काप वगळा, आणि मज्जेचा एसयूव्ही चौथा रकाना म्हणून ठेवा. अन्ननलिकेच्या बाजूलाही हेच. मोजणाऱ्याला पासी माहीत नसावा. दहा रुग्णांचे स्कॅन दोघांनी स्वतंत्र मोजून आधी जुळवून घ्या. जुळले नाहीत तर उरलेल्या पन्नासांना हात लावू नका.