टूलचे वर्णन: एक ओळ खरोखर पुरते का?

पासबुकवाला (धागाकर्ता):
येथील एका सदस्याने नुकतेच ठासून लिहिले की आजची एआय मॉडेले इतकी समजदार आहेत की टूलला (मॉडेलला बोलावता येणाऱ्या प्रोग्रामला) नीट नाव देऊन खाली एक ओळ लिहिली की पुरते, आणि त्याहून अधिक लिहिणे ही टोकनांची (मॉडेल वाचते त्या मजकुराच्या तुकड्यांची) उधळपट्टी आहे. घरखर्च सांभाळणाऱ्या एजंटाबाबत, म्हणजे टूल्स वापरून आपल्या वतीने कामे करणाऱ्या मॉडेलबाबत, हे विधान मला बेजबाबदार वाटते.

क्रेडिट कार्डाचेच पाहू. 'कार्डाची देय रक्कम देते' एवढेच वर्णन असेल, तर मागच्या स्टेटमेंटची एकूण रक्कम, आजपर्यंतचे सगळे देणे आणि किमान देय रक्कम यांपैकी नेमके काय मिळणार, हे एजंटाने कशावरून ओळखावे? त्याने किमान रक्कम उचलून भरली, तर विलंब शुल्क लागत नाही, सगळे सुरळीत दिसते. पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. मॉडेल कितीही हुशार असले तरी जे कुठे लिहिलेलेच नाही ते त्याला कळणार नाही. मी असे लिहीन: 'मागच्या स्टेटमेंटमधील एकूण देय रक्कम रुपयांत देते, त्यानंतरचे व्यवहार यात धरलेले नाहीत. वापरकर्त्याला कार्ड आजच पूर्ण मोकळे करायचे असल्यास हे टूल वापरू नये.'

सर्व्हरखालचा:
तो सदस्य मीच. माझे अर्धे म्हणणे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. वर्णन हे पैशांचे कुलूप नव्हे. मॉडेलला टूल्सशी जोडणाऱ्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या प्रमाणपद्धतीतही 'हे टूल फक्त वाचते' किंवा 'हे टूल बदल घडवते' या खुणा केवळ सूचना मानल्या आहेत, आणि टूल पुरवणारा सर्व्हर विश्वासाचा नसेल तर त्यांवर विसंबू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या उदाहरणावर उपाय परिच्छेद नव्हे. तीन वेगळी टूल्स करा आणि उत्तरातच एकक व तारीख द्या. चाळीस टूल्सची अशी पुराणे दर फेरीला मॉडेलपुढे ठेवली, तर त्यालाही शेजारची दोन टूल्स सारखीच दिसू लागतात.

निवृत्त लेखापाल:
वाद आपला चालू द्या, नुकसान मात्र आमचे झाले. मुलाने एजंटाला 'एप्रिलमध्ये पीपीएफचे दीड लाख भर' असे सांगून ठेवले होते, आणि त्याने ते 8 तारखेला भरले. महिन्याच्या 5 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज धरतात, हे त्या टूलच्या वर्णनात कुठेही नव्हते. 7.1 टक्क्यांनी एका महिन्याचे 887 रुपये 50 पैसे गेले.

एसआयपीप्रेमी:
एवढ्या रकमेसाठी शोकसभा? दीड लाख पंधरा वर्षे अडकवून ठेवणाऱ्यांनी एका महिन्याच्या व्याजावर बोलावे, याची गंमत वाटते.

निवृत्त लेखापाल:
गंमत वाटू द्या. ते व्याज मुद्दलात मिळून मुदत संपेपर्यंत चक्रवाढीने वाढले असते, हे आपल्याला ठाऊक असावे. खरा अन्याय निराळाच आहे. बचत खात्यावर पूर्वी 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज मिळत असे. 1 एप्रिल 2010 पासून ते रोजच्या शिलकीवर मिळू लागले. मग पीपीएफलाच जुना न्याय का? संगणक आले, एजंट आले, आणि हिशोब मात्र हाताने खतावणी लिहिण्याच्या काळातला!

एसआयपीप्रेमी:
करमुक्त व्याजही हवे आणि रोजचा हिशोबही हवा. सरकारने घरी येऊन पैसे मोजून न्यावेत, एवढेच मागायचे राहिले.

निवृत्त लेखापाल:
करमुक्ती ही भीक नव्हे. बोलण्यापूर्वी निदान आपल्या फंडाचे खर्चाचे प्रमाण तपासून पाहावे.

पासबुकवाला:
दोघांनाही विनंती आहे की पीपीएफचे धोरण येथे ठरणार नाही. प्रश्न असा की 5 तारखेचा नियम एजंटाला कोणी सांगायचा?

सर्व्हरखालचा:
वर्णनाने तर नक्कीच नाही. नियम उद्या बदलला आणि वर्णन तसेच राहिले, तर एजंट आत्मविश्वासाने खोटे बोलेल. पैसे भरण्याआधी कोणत्या तारखेला भरल्यास किती व्याज पडेल हे दाखवणारे वेगळे टूल असावे आणि नियम त्याच्या कोडमध्ये राहावा.

पासबुकवाला:
उत्तम. पण भरण्याआधी ते टूल बोलवायचे आहे, हे एजंटाला कोठून कळेल?

सर्व्हरखालचा:
भरणा करणाऱ्या टूलच्या वर्णनातून. ठीक आहे, एक ओळ आपल्याला बहाल केली. एकाच्या दोन ओळी झाल्या, आता सत्कार समारंभ ठेवावा. मात्र आपल्या परिच्छेदातही एक भगदाड आहे. यूपीआयचा व्यवहार 'प्रलंबित' राहिला आणि टूलकडून उत्तरच आले नाही, तर एजंट बिनदिक्कत पुन्हा पैसे पाठवेल. आपल्या नमुन्यात अपयशाबद्दल एक अक्षर नाही.

पासबुकवाला:
माझा नमुना रक्कम वाचणाऱ्या टूलचा होता, पाठवणाऱ्या टूलचा नव्हता; तरीही मुद्दा मान्य. पाठवणाऱ्या टूलसाठी लिहितो: 'उत्तर न आल्यास पुन्हा बोलवू नये, त्याच व्यवहार क्रमांकाने आधी स्थिती तपासावी.' ही तिसरी ओळ झाली.

सर्व्हरखालचा:
लिहा. पण तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर माझा सर्व्हर तो नाकारणारच, आपली ओळ एजंटाने वाचलेली असो वा नसो.