मदत हवी आहे: मार्गरीटेची फुलं तिसऱ्या वर्षी अचानक कमी का झाली?

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. इथे भाड्याने घेतलेल्या श्रेबरगार्टनच्या (घरापासून वेगळ्या छोट्या बागेच्या) ४० चौरस मीटर तुकड्यात २०२३च्या वसंतात कुरणातल्या रानफुलांचं बी पेरलं. पहिल्या वर्षी नुसती जमिनीलगत पानं आली. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मात्र मार्गरीटेने तुकडा पांढराशुभ्र करून टाकला. (इंग्लंडात हिलाच ऑक्स-आय डेझी म्हणतात. शास्त्रीय नाव ल्युकँथेमम व्हल्गारे.)

यंदा मोजून ११ फुलं, आणि गवत गुडघ्याच्या वर. हे बहुवर्षायू झाड ना, मग गेलं कुठे? काळजी घेण्यात कसूर केलेली नाही. दोन्ही मार्चमध्ये घरचं कंपोस्ट पसरलं, कापलेलं गवतही कुजून खत होईल म्हणून तिथेच ठेवलं.

आई साताऱ्याहून आली आहे. खास ही फुलं बघायला आली होती, त्यामुळे फार वाईट वाटतंय. तिला बी घेऊन जायचंय, तेही सांगा.

उत्तर:

कंपोस्ट बंद करा. भाजीला जे मानवतं ते या फुलाला मारक ठरतं. युरोपातली जुनी कुरणं फुलायची, कारण दरवर्षी चाऱ्यासाठी गवत कापून नेलं जायचं आणि त्याबरोबर जमिनीतला कसही जायचा. सुपीक मातीत गवत माजतं आणि मार्गरीटेच्या बुडच्या पानांवर सावली धरतं. शिवाय एकेक रोप काही फार वर्षं जगत नाही. नवी रोपं यायला मोकळी माती लागते, ती तुमच्याकडे उरलेली नाही.

फुलं सुकून बी गडद झालं की कापा. दोन-तीन दिवस तिथेच वाळू द्या, म्हणजे बी झडेल. मग सगळं उचलून न्या, काडीही ठेवू नका. सप्टेंबरात पुन्हा कापा, दाताळ्याने खरवडून निम्मी माती उघडी करा आणि क्लाप्परटोप्फ या अर्धपरजीवी रानफुलाचं ताजं बी टाका. ज्वारीतला टारफुला माहीत असेल, हे त्याच कुळातलं. गवताच्या मुळांना चिकटून त्याचं पाणी ओढतं आणि गवताचा जोर मोडतं. बी रुजायला हिवाळ्याची थंडी लागते, म्हणून शरदातच पेरा.

आईंना मात्र बी देऊ नका. काश्मीरमध्ये हीच मार्गरीटे तण म्हणून पसरली आहे. परवान्याशिवाय बी भारतात नेताही येत नाही.

आणि आज गवत बाजूला सारून बुडाशी बघा. चमच्याच्या आकाराची, दातेरी कडेची गडद पानं दिसतील.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार! आत्ताच बघून आलो. १७ रोपं आहेत, काही तर रुपयाएवढीच. कुणाचा पाय पडू नये म्हणून आईने प्रत्येकाशेजारी आईस्क्रीमची काडी रोवली आहे.